पहिल्या आवृत्तीच्या ग्राहकास



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी लिहायला शिकले, त्याच शाळेच्या सभागृहात व्याख्यान देण्यासाठी उभे राहताना मनाची जी अवस्था होते, तिचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. आपणांपैकी पुष्कळांना ती ठाऊक आहे. ज्यांचे नाव या व्याख्यानमालेला दिले आहे ते आमचे सर समोरच्या दारातून आत येतील आणि माझे एखादे वाक्य अडवून 'कर्ता कुठे गेला?' असे विचारतील, ही भीती आज सत्तरी उलटल्यावरही गेलेली नाही.

विषय कळवल्यावर संयोजकांनी दोनदा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. जुन्या पोथ्या आणि मोडी कागद यांत ज्या बाईंचा जन्म गेला, त्या कॅमेऱ्यांच्या फर्मवेअरविषयी काय बोलणार, ही त्यांची शंका रास्त होती. मी त्यांना एवढेच सांगितले की, विषय माझाच आहे. फक्त उदाहरणे जपानची आहेत.

प्रारंभ माझ्या घरापासून करते. २०११ साली मी निवृत्त झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला एक डिजिटल कॅमेरा दिला. पोथ्यांची छायाचित्रे घेण्यासाठी तो मला फार उपयोगी पडेल, असा त्यांचा विचार होता. कॅमेरा उत्तम होता, पण त्याचा एक दोष होता. देवळाच्या किंवा वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत, पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या फिक्या शाईवर त्याची नजर ठरत नसे. भिंग पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई आणि अखेर थकून थांबे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण गोष्ट तिच्या दोषाची नाही. मी तो दोष स्वीकारला होता. विकत घेतलेली वस्तू जशी असते तशी असते, हे आमच्या पिढीचे शहाणपण.

दोन वर्षांनी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. गप्पांत कॅमेऱ्याचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "बाई, जरा द्या तो इकडे." संगणकावरून त्याने एक फाइल मेमरी कार्डावर उतरवून घेतली, कार्ड कॅमेऱ्यात घातले, बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना हे पाहिले आणि मला बजावले की आता काही मिनिटे याला हात लावायचा नाही. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मग त्याने कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला आणि माझ्या टेबलावरच्या एका जीर्ण कागदावर रोखला. क्षणभर थबकून भिंग जागेवर बसले.

मी विचारले, "अरे, याचे पैसे किती झाले?"

"काही नाही, बाई. कंपनीच देते."

"त्यांचे पैसे तर त्यांना केव्हाच मिळाले. मग हे ते का करतात?"

तो हसला आणि चहा घेऊन गेला. त्या प्रश्नाचे उत्तर मी गेली काही वर्षे शोधते आहे. आजचे व्याख्यान हे त्याचेच टिपण आहे.

आपल्या या वडोदरा शहराचे कॅमेऱ्याशी जुने नाते आहे. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले आणि पुढे गोध्र्यात त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे इथेच काढली आणि जानेवारी २०१२ मध्ये इथेच देह ठेवला. स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स ही त्यांची आयुधे. ते कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी पूर्ण झालेले होते. दुरुस्तीवाल्याने त्यांना तेलपाणी करावे, पडदा बसवावा, एवढेच. ज्याने ते घडवले त्याला त्यांत नंतर काही घालता येत नव्हते. माझ्या वडिलांकडे अ‍ॅग्फाचा साधा क्लिक-थ्री होता. बारा चित्रांचा रोल संपेपर्यंत कधी कधी वर्ष जाई. त्या कॅमेऱ्याचे आणि त्याच्या कारखान्याचे नाते दुकानाच्या उंबऱ्यावर संपलेले होते. यंत्राला दुसरी आवृत्ती नसे. आवृत्ती असे ती पुस्तकाला.

फर्मवेअर म्हणजे काय, हे भाषेच्या अंगाने सांगते. 'हार्डवेअर' हा शब्द आपल्याला संगणकाच्या आधीपासून माहीत आहे. खिळे, बिजागऱ्या, कुलपे विकणाऱ्या दुकानांवर त्याच्या पाट्या आहेत. यंत्राचे जे अंग हातात धरता येते ते हार्डवेअर आणि त्याला चालवणाऱ्या ज्या सूचना, त्या सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधल्या थराला १९६७ साली अ‍ॅशर ऑपलर या अमेरिकी तज्ज्ञाने 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात 'फर्मवेअर' असे नाव दिले. कठीण नव्हे, मऊही नव्हे, घट्ट. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारला आणि यंत्राच्याच पोटात बसवलेल्या कायमच्या सूचना असा तो रूढ झाला. पूर्वी या सूचना ज्या चिपवर कोरलेल्या असत ती बदलल्याशिवाय सूचना बदलत नसत. पुढे पुसून पुन्हा लिहिता येईल अशी स्मृती आली, आणि शिलालेखाची जागा धूळपाटीने घेतली. यंत्र आपल्या घरी राहते. त्याच्या पोटातला मजकूर मात्र कारखान्याला दुरून बदलता येतो.

आता कॅमेऱ्याची नजर एका मजकुरावर कशी अवलंबून असू शकते, हा प्रश्न मलाही पडला होता. एका प्रकारच्या ऑटोफोकसमध्ये कॅमेरा भिंग थोडे पुढेमागे करून पाहतो आणि काळ्यापांढऱ्यातला भेद ज्या जागी सर्वांत ठळक दिसेल तिथे थांबतो. पाऊल किती मोठे टाकायचे, केव्हा उलट फिरायचे आणि केव्हा पुरे म्हणायचे, हे सगळे सूचनांत लिहिलेले असते. भिंग तेच आणि मोटारही तीच. पण शोधण्याची रीत सुधारली की तेच यंत्र अधिक चटपटीत होते. दुर्बोध हस्ताक्षर वाचताना नवख्या विद्यार्थ्याचे डोळे ओळीवर भटकतात आणि मुरलेल्याचे नेमके अडलेल्या अक्षरावर जातात. दोघांचे डोळे सारखेच असतात. फरक पडतो तो वाचण्याच्या शिस्तीने.

मी पाठसंपादनाची विद्यार्थिनी असल्याने या सुधारणांची वर्गवारी माझ्या सवयीप्रमाणे करते. पहिला प्रकार शुद्धिपत्राचा. कॅननने २००८ साली 'ईओएस ५-डी मार्क टू' हा कॅमेरा आणला. काही चित्रांत दिव्यासारख्या प्रखर ठिपक्यांच्या उजव्या कडेला काळे ठिपके उमटतात, अशी तक्रार लवकरच आली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने फर्मवेअर देऊन तो दोष काढला. छापील पुस्तकात प्रकाशक शेवटी चिठ्ठी चिकटवतो, तसे हे. यात उपकार काही नाही. निर्दोष वस्तूचे पैसे घेतलेले होते.

दुसरा प्रकार जुळवणीचा. निकॉनचे 'झेड सिक्स' आणि 'झेड सेव्हन' हे कॅमेरे २०१८ साली आले तेव्हा त्यांत 'एक्सक्यूडी' नावाचे कार्ड चालत असे. पुढे त्याच आकाराचे, पण अधिक वेगवान असे नवे कार्ड बाजारात आले. २०१९ च्या अखेरीस फर्मवेअरच्या द्वारे या जुन्या कॅमेऱ्यांना नवे कार्ड वाचायला शिकवले गेले. जुन्या माणसाला नव्या काळाची लिपी शिकवण्यासारखे हे काम आहे.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हा. त्याच 'मार्क टू' कॅमेऱ्याला चलच्चित्रे घेता येत होती, पण सेकंदाला ३० चित्रे या एकाच गतीने, आणि प्रकाशाची सूत्रे कॅमेरा आपल्याच हातात ठेवी. चित्रपटाची प्रचलित गती २४ आणि आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची २५. छायाचित्रकारांनी मागणी केली. जून २००९ मध्ये प्रकाशाचे नियंत्रण वापरणाऱ्याच्या हाती आले आणि मार्च २०१० मध्ये २४ व २५ या गती आल्या. मे २०१० मध्ये 'हाउस' या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग याच जातीच्या कॅमेऱ्यांवर चित्रित होऊन प्रसारित झाला. छायाचित्रांसाठी विकलेली वस्तू विक्रीनंतर चित्रपटाचे साधन झाली. प्रामाणिकपणासाठी हेही सांगितले पाहिजे की, मार्चमधली ती सुधारणा कंपनीला काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण तिच्यामुळे ध्वनिमुद्रणात बिघाड होत होता. मग सुधारणेची सुधारणा निघाली. शुद्धिपत्रातही मुद्रणदोष राहतात, हे आम्हां संपादकांना नवे नाही.

या प्रकारातले मला सर्वांत भावलेले उदाहरण फुजीफिल्मच्या 'एक्स-१००' चे आहे. हा कॅमेरा मार्च २०११ मध्ये विक्रीला आला. सेंदाईजवळच्या ज्या कारखान्यात तो तयार होई, तिथले काम त्याच महिन्यातल्या भूकंपाने काही काळ थांबले होते. कॅमेरा देखणा होता, त्याची चित्रे सुंदर येत. पण तो संथ आहे, अशी सार्वत्रिक टीका झाली. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने त्याचा सुधारलेला वारस 'एक्स-१००-एस' जाहीर केला. व्यापाराचा साधा नियम सांगतो की आता जुन्याकडे पाहू नये. जुना जितका गैरसोयीचा तितका नवा अधिक खपेल. परंतु ऑक्टोबर २०१३ मध्ये, वारस दुकानात असताना, मूळ एक्स-१०० साठी नवे फर्मवेअर निघाले. त्याचा फोकस अधिक जलद झाला, तो पूर्वीपेक्षा जवळच्या वस्तूवर नजर ठरवू लागला आणि हाताने फोकस करणाऱ्यासाठी स्पष्ट दिसणाऱ्या कडा उजळून दाखवण्याची सोयही त्याला मिळाली. ज्या वस्तूपासून आता कंपनीला एक पैसाही मिळणार नव्हता, तिच्यासाठी कुणी अभियंते बसून काम करीत होते.

पुढे याच कंपनीने 'एक्स-टी-१' ला जून २०१५ मध्ये जवळजवळ नवी ऑटोफोकस व्यवस्था दिली. २०१८ च्या 'एक्स-टी-३' ला ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या वारसाची दृष्टी दिली. जपानीत या वृत्तीला 'कायझेन' म्हणतात. चांगल्यासाठी केलेला बदल, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. इतरही मागे राहिले नाहीत. सोनीने २०१७ च्या 'अल्फा नाइन' ला मार्च २०१९ मध्ये हलत्या विषयाचा माग काढण्याची नवी रीत शिकवली. निकॉनचा 'झेड नाइन' २०२१ च्या अखेरीस आला आणि एप्रिल २०२२, जून २०२३, मार्च २०२४ अशा टप्प्यांनी त्यात इतकी भर पडत गेली की पहिल्या दिवशी तो घेणाऱ्याच्या हाती आज वेगळाच कॅमेरा आहे. आणि त्यासाठी त्याने वेगळी किंमत मोजलेली नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. हे ते का करतात?

भाबडे उत्तर मी देणार नाही. कंपन्या धर्मशाळा नसतात. जपानच्या कॅमेरा-उद्योग संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर गेले; २०२० साली तो आकडा ९० लाखांच्याही खाली आला. मोबाइल फोनने साधा कॅमेरा गिळून टाकला. ज्या धंद्यात नवा ग्राहक येईनासा होतो, तिथे जुना ग्राहक हेच भांडवल असते. शिवाय ज्याच्या कॅमेऱ्याला भिंगे बदलता येतात, तो पुढची दहा वर्षे त्याच कंपनीची भिंगे घेत राहतो. त्याला दुखवणे परवडत नाही. म्हणजे यात हिशेब आहेच. पण व्यवहार आणि सौजन्य एकाच घरात नांदू शकत नाहीत, असे मी मानत नाही. आमच्या लहानपणी मंडईतला भाजीवाला वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी घालायचा. गिऱ्हाईक टिकावे हा त्याचा हेतू असेलही. तरी आई घरी येऊन त्याच्याविषयी चांगलेच बोलायची.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक वाढवलेली आवृत्ती फुकट नसते. पॅनासॉनिकने २०१५ मध्ये 'जीएच-४' साठी आणि कॅननने २०१७ मध्ये '५-डी मार्क फोर' साठी चित्रपट-छायाचित्रकारांच्या उपयोगाची एक सोय दिली, तेव्हा अमेरिकेत तिची किंमत सुमारे शंभर डॉलर ठेवली होती. मला यात अन्याय दिसत नाही; नव्या प्रकरणाचे मोल मागण्याचा लेखकाला हक्क आहे. अधिक काळजीची गोष्ट अशी की, ज्या दाराने भेट येते त्याच दाराने जप्तीही येऊ शकते. २००९ मध्ये पॅनासॉनिकच्या काही कॅमेऱ्यांत नवे फर्मवेअर घातल्यावर इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या चालेनाशा झाल्या. कारण सुरक्षिततेचे दिले गेले आणि ते खोटे होते असे मी म्हणत नाही. पण काल चालणारी बॅटरी आज नाकारली जाते तेव्हा मालक कोण, हा प्रश्न उभा राहतोच. आणखी एक लहान दुखणे माझ्यासारख्या वृद्धांचे आहे. एका सुधारणेनंतर माझ्या कॅमेऱ्यातल्या याद्यांची मांडणी बदलली आणि रोजची एक सोय शोधण्यात माझा आठवडा गेला. सुधारणा करणाऱ्याने आपल्या वाचकाची सवय हाही पाठाचा एक भाग मानला पाहिजे.

आश्वासनालाही मर्यादा असते. जर्मनीच्या लायका कंपनीने २००८ साली आपला 'एम-८' हा डिजिटल कॅमेरा मालकाला वेळोवेळी सुधारून घेता येईल, अशी योजना मोठ्या विश्वासाने जाहीर केली. दुसऱ्याच वर्षी 'एम-९' आला. त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या पूर्ण आकाराचा होता, आणि एम-८ च्या मालकाला कोणत्याही सुधारणेने तो मिळण्यासारखा नव्हता. मजकूर बदलता येतो. कागदाचा आकार बदलता येत नाही. म्हणून 'सदैव' या शब्दाची हमी देण्यापेक्षा, जे शक्य आहे ते न मागता देणे अधिक शहाणपणाचे.

कायद्याची दृष्टीही उद्बोधक आहे. युरोपीय संघाचा वस्तुविक्रीविषयक एक निर्देश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. ज्या वस्तूच्या पोटात असा मजकूर आहे, ती ठरल्याप्रमाणे चालत राहावी यासाठी लागणाऱ्या सुधारणा ग्राहकाला वाजवी काळापर्यंत मिळाल्या पाहिजेत आणि त्या निघाल्याचे त्याला कळवलेही पाहिजे, असे तो सांगतो. बारकाईने पाहा: कायदा शुद्धिपत्राची सक्ती करतो, वाढवलेल्या आवृत्तीची करीत नाही. दोष झाकून ठेवू नये एवढे तो बजावू शकतो. आपल्या जुन्या कामावर प्रेम करा, असे कोणताही कायदा सांगू शकत नाही.

आणि आता मी सरांकडे येते. खरे म्हणजे पहिल्या वाक्यापासून मी त्यांच्याविषयीच बोलते आहे.

आपणांपैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, आपण 'नांव' लिहीत असू आणि त्यातल्या 'ना' वर अनुस्वार देत असू. 'केलें', 'घरांत' असे लिहीत असू. अनुस्वार विसरला की सर अर्धा गुण कापत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'कवि' आणि 'गुरु' यांचे शेवट दीर्घ झाले. महाराष्ट्रात हे बदल पाठ्यपुस्तकांबरोबर वर्गावर्गांत पोचले. आपण इथे, महाराष्ट्राबाहेर; आपल्याकडे ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आले. नव्या मुलांना सर नवे नियम शिकवू लागले. प्रश्न होता तो आमचा, जे जुने शिकून बाहेर पडलो होतो त्यांचा.

मी एम. ए. च्या वर्गात होते. एके दिवशी टपालाने घरी एक सायक्लोस्टाइल केलेला ताव आला. वर शाळेचे नाव, खाली सरांची सही. मजकूर साधारण असा होता: मी तुम्हांला वर्गात जे लेखन शिकवले त्यात पुढील बदल झाले आहेत. पूर्वी मी ज्यांचे गुण कापले त्यांतली काही रूपे आता शुद्ध ठरली आहेत. कृपया आपल्या वहीत दुरुस्ती करून घ्यावी. पुढे अठरा नियम उदाहरणांसह दिलेले. शाळेच्या दप्तरातून ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळाले, त्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी तो ताव पाठवला होता. तिकिटांचा खर्च त्यांनी कुठून केला असेल, हे त्यांचा पगार माहीत असलेल्यांनी ओळखावे. आम्ही फी भरून, दाखला घेऊन केव्हाच निघून गेलो होतो. शाळेचे आमच्याकडे काही येणे नव्हते.

त्या वेळी मी तो ताव वाचला, हसले आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची ती पट्टी भरताना पाहिली तेव्हा चाळीस वर्षांनी तो मला आठवला. सरांना फर्मवेअर हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जे आपण घडवले आणि जगात पाठवले, त्यात चूक राहिली किंवा सुधारणा निघाली, तर ती पहिल्या ग्राहकाच्या घरापर्यंत पोचवायची, एवढे त्यांना ठाऊक होते.

मित्रहो, हे सांगून थांबले असते तर व्याख्यान गोड झाले असते. पण सरांच्या नावाच्या व्यासपीठावर उभे राहून अर्धे सांगणे बरे नव्हे.

१९८४ साली मी मोडी पत्रांचा एक छोटा संग्रह संपादित करून प्रसिद्ध केला. पाचशे प्रती काढल्या होत्या. त्यातल्या एका पत्राच्या शेवटी सुहूर सनाचा आकडा अरबी शब्दांत आहे. कागद कसरीने खाल्लेला, शाई उडालेली. तिथे 'सबैन' आहे; मी 'तिसैन' वाचले. सबैन म्हणजे सत्तर, तिसैन म्हणजे नव्वद. एका शब्दाने ते पत्र वीस वर्षे पुढे गेले आणि ज्याने ते लिहिले, त्याला मी न पाहिलेल्या काळात नेऊन बसवले. चूक माझ्या लक्षात यायला दहा-बारा वर्षे लागली. १९९७ ची दुसरी आवृत्ती काढताना मी ती दुरुस्त केली. प्रस्तावनेत काय लिहिले? 'काही किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.' कोणती दुरुस्ती, कोणत्या पानावर, हे लिहिले नाही. पहिल्या आवृत्तीच्या ग्राहकांना कळवणे तर दूरच. मध्यंतरी एका तरुण अभ्यासकाने माझ्या पहिल्या आवृत्तीतल्या सनावर विसंबून एक निबंध लिहिला होता, हेही मला माहीत होते. तो मी वाचला होता. मी त्याला पत्र लिहिले नाही. संकोच हे कारण मी स्वतःला सांगत आले. खरे कारण अहंकार हे होते.

म्हणून तो कॅमेरा मला लाजवून गेला. दूर देशातल्या एका कंपनीने, जिला माझे नावही ठाऊक नाही, माझ्या घरातल्या जुन्या वस्तूची आठवण ठेवली होती; आणि मी, सरांची विद्यार्थिनी, माझ्याच वाचकांना विसरले होते.

या शाळेच्या आजच्या शिक्षकांना आणि विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थी म्हटला की आपल्याला देणगी आठवते, आणि त्यात गैर काही नाही. पण शाळेने त्याला काय पाठवायचे, याचाही विचार व्हावा. इतिहासाच्या, विज्ञानाच्या, भाषेच्या ज्या गोष्टी आपण तीस वर्षांपूर्वी शिकवल्या आणि ज्या आता बदलल्या, त्यांचा एक ताव वर्षातून एकदा काढता येणार नाही का? सरांना सायक्लोस्टाइल आणि टपालाची तिकिटे लागली. आज मोबाइलवरून तो क्षणात जाईल. आपली मराठी इथे टिकायची असेल, तर ती अशाच पाठपुराव्याने टिकेल. दाखला दिला, संबंध संपला, असे म्हणणारी शाळा आणि उंबऱ्यावर नाते संपवणारा कारखाना यांत मग फरक राहत नाही.

माझ्यापुरते मी सुरुवात केली आहे. त्या अभ्यासकाचा पत्ता मिळवून मी गेल्या महिन्यात त्याला पत्र पाठवले. तोही आता निवृत्तीला आला आहे. उत्तर अजून आलेले नाही आणि उत्तर द्यायला तो बांधलेला नाही. बाहेर ग्रंथालयाच्या टेबलावर एक पानी शुद्धिपत्र ठेवले आहे. १९८४ ची आवृत्ती ज्यांच्या घरी असेल त्यांनी जाताना ते घ्यावे आणि पुस्तकात चिकटवावे. पान त्रेसष्ट, तळापासून चौथी ओळ. 'तिसैन' च्या जागी 'सबैन' वाचावे.